भारसाक्षी मगदूम

कचऱ्याच्या डब्यांनी मला खुर्चीवरून खाली पाडलं तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते.

डबे ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा गावचे. तिथल्या नगरपालिकेने सहाशे डबे मागवले होते आणि बिलावर रक्कम होती 'नव्वद एम डॉलर'. आमच्या संगणकाने ते नव्वद दशलक्ष धरले, त्याचे पाचशे कोटी रुपये केले, कागदाला हिरवी पट्टी लावली आणि माझ्या पडद्यावर पाठवून दिला. मी आकड्यावर नजर टाकली मात्र, मानेवर कुणीतरी येऊन बसलं. खांदे खचले, गुडघे सुटले आणि मी टेबलाखाली गेलो. तिथूनच ओरडलो, "थांबवा! हजारपट आहे!"

आमचे साहेब रणजित शिंत्रे धावत आले. मला उठवायचं सोडून आधी त्यांनी कागद थांबवला. मग चार ठिकाणी फोन झाले. बिल करणारा कारकून टेक्सासमध्ये तयार झालेला निघाला आणि तिकडे एम म्हणजे हजार. डबे नव्वद हजार डॉलरचे होते. "मगदूम, तुमच्यासारखं पडणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात नाही," असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. मी कपडे झटकले आणि पुढचा कागद मागवला.

यात लाजण्यासारखं काही नाही. मी सम्मेद मगदूम, वय त्रेपन्न, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. 'दशमान अंकसेवा' या कंपनीत भारसाक्षी आहे. मोठे आकडे वाचून पडणं हीच माझी नोकरी.

आमच्याकडे जगभरचे हिशेब येतात आणि प्रत्येक देश आपापल्या तऱ्हेने शून्यं गाळतो. टेक्सासचे तेलवाले हजाराला एम लिहितात आणि दशलक्षाला डबल एम. लंडनवाल्यांचा एकच एम दशलक्षाचा. स्पेनमध्ये 'मिल' म्हणजे हजार, नॉर्वेत 'मिल' म्हणजे दशलक्ष. टी कुणाला हजाराचा वाटतो, कुणाला लाख कोटींचा. आपण तर काय, ताळेबंदाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'रक्कम लाखांत' असं लिहितो आणि ते सोडून बाकी सगळं वाचतो. सात वर्षांपूर्वी एका परदेशी फंडाने चाळीस एमचे वेलदोडे मागवले. तीन देशांतल्या तीन संगणकांनी त्या एमवर एकमत केलं. पुढे महिनाभर वेलदोड्यांची जहाजं बंदराबाहेर रांगेत उभी होती आणि जगात कुणाच्याही चहात वेलदोडा नव्हता, इतका भाव चढला. फंड बुडाला, त्याच्याबरोबर दोन बँका बुडाल्या. चौकशीत लक्षात आलं की तो कागद अकरा माणसांनीही पाहिला होता आणि अकराही जणांना काहीच वाटलं नव्हतं.

हे 'काहीच न वाटणं' मिरजेच्या डॉ. एस्तेर समुद्रे यांनी पकडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाला चारपर्यंतच्या वस्तू न मोजता दिसतात. त्यापुढे मेंदू अंदाज करतो आणि अंदाज करताना मोठ्या आकड्यांना दाबून बसवतो. शाळेत न गेलेल्या मुलाला एक आणि शंभर यांच्या बरोबर मध्ये कुठला आकडा बसतो असं विचारा, ते दहाच्या आसपास बोट ठेवतं. शाळा ही खोड मोडते, पण हजार-दोन हजारांपर्यंतच. लाख, कोटी, अब्ज हे शब्द आपण बोलतो, पण कळतं त्यातलं एवढंच, की खूप आहे.

मग बाईंनी खडा बनवला. कानामागे चिकटवायचा, हरभऱ्याएवढा. डोळे ज्या आकड्यावर आहेत तो ओळखून तो तोल सांभाळणाऱ्या नसेला सौम्य वीज देतो आणि शरीराला वाटतं, आपल्यावर तेवढं ओझं आलं. हजाराचं वेगळं, लाखाचं वेगळं, कोटीचं फार वेगळं. सरकारने कायदा केला, की दहा कोटींवरचा कुठलाही कागद पुढे जाण्यापूर्वी एका जिवंत माणसाने तो खडा लावून वाचलाच पाहिजे. त्या माणसाला भारसाक्षी म्हणायचं.

घोळ पुढे झाला. रुपयाचं वजन किती, हे खड्याला कुठून कळणार? ते तो लावणाऱ्याच्या शरीरातूनच घेतो. तुमचं दुधाचं बिल, घरभाडं, मागच्या महिन्यात खर्च करताना छातीत धडधडलेली रक्कम यांवरून तो तुमचं माप ठरवतो आणि दर रविवारी, शिवाय मोठी रक्कम हातातून गेली की लगेच, नव्याने ठरवतो. त्यामुळे शिंत्रे साहेबांनी खडा लावून चारशे कोटी वाचले तेव्हा त्यांना जांभई आली. आमची नसीमा मुल्ला मात्र सात लाखांना वाकायची. कंपनीने खूश होऊन तिचा पगार दुप्पट केला. तिने गाडी घेतली, फ्लॅट घेतला आणि चार महिन्यांत तिला दोनशे कोटी लागेनासे झाले. तिची बदली स्वागतकक्षात झाली. तेव्हापासून आमच्या कार्यालयात एप्रिल आला की लोक रडकुंडीला येतात. पगारवाढ मिळू नये म्हणून अर्ज, वशिले, आजारपणाचे दाखले, काय वाट्टेल ते चालतं.

मी टिकलो. घरचे मला चिकट म्हणतात, मी स्वतःला जपून वागणारा म्हणतो. पाच वर्षांत माझं माप तसूभर हललं नाही. ते हलू नये म्हणून कंपनीने माझ्याशी वेगळा करारच केला होता: एका वेळी दहा हजारांवर खर्च करायचा नाही, केल्यास नोकरी संपली. वाचताना मला हसू आलं. त्यासाठी करार कशाला हवा होता?

डब्यांच्या त्या सोमवारी घरी आलो तर आर्जवी, माझी मुलगी, दारातच उभी. बावीस वर्षांची आहे, बर्फाचं वेड आहे. कोल्हापुरात राहून बर्फाचं वेड कसं लागतं मला ठाऊक नाही, पण लागलं. नॉर्वेतल्या विद्यापीठाने तिला हिमनद्यांच्या अभ्यासाला घेतलं होतं.

"पप्पा, शून्य पूर्णांक पंचेचाळीस मिल क्रोनर!" ती म्हणाली. "दोन वर्षांची फी, एकदम भरायची. शुक्रवारपर्यंत."

"नॉर्वेचा मिल म्हणजे दशलक्ष," मी सवयीने म्हणालो. "बेचाळीस लाख झाले."

स्वयंपाकघरातून वृषाली, माझी बायको, हात पुसत आली. "बेचाळीस लाख? आणि बँकेत किती हायत आपले? मागच्या दिवाळीत एकसष्ट म्हणाला होता न्हवं तुम्ही?"

"एकसष्ट," मी म्हणालो.

"एकसष्ट हजारात काय हुतंय तवा," ती म्हणाली आणि खाली बसली.

आता इथे मला खरं सांगितलं पाहिजे. माझे वडील गुळाच्या सौद्यात अडत्या होते. सौद्यात कुणी पूर्ण आकडा बोलत नाही. अडतीस म्हणायचं, समोरच्याने समजायचं. हजार, लाख असं फोडून सांगणं म्हणजे समोरच्याला अडाणी ठरवणं. मी त्याच घरात वाढलो. दिवाळीत वृषालीने विचारलं तेव्हा मी एकसष्ट म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. एकसष्ट लाख. तिने हजार समजून घेतले, कारण तिच्या हाती मी कधी शेकड्यापुढे काही दिलंच नव्हतं. तिचा गैरसमज मला कळला होता. मी तो तसाच राहू दिला. दिवसभर दुसऱ्यांची गाळलेली शून्यं शोधण्याचा पगार घ्यायचा आणि घरी स्वतः पाच शून्यं पोटात घालून बसायचं, हा माझा धंदा.

"माझ्या पाटल्या हायत," वृषाली आर्जवीला सांगत होती. "मावशीला विचारूया. बघू, काय तरी हुईल."

मी एकसष्टाचा खुलासा केला नाही. आर्जवीने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग विद्यापीठाच्या पत्राची घडी केली. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण बेचाळीस लाख एका दमात सोडायचे या कल्पनेनेच माझ्या पायांत गोळे आले, आणि तेव्हा तर खडा कार्यालयात कपाटात होता.

मंगळवारी तपासणीला डॉ. समुद्रे आल्या. मी आडून आडून विचारलं, "बाई, एखाद्याने मोठी ठेव साठवली तर माप बिघडतं का?"

"साठवल्याने नाही बिघडत. उलट जास्त तीक्ष्ण होतं. माप सैल होतं ते हातातून रक्कम सुटल्यावर. मेंदू सोडलेलं मोजतो, ठेवलेलं नाही."

"समजा, चाळीस-बेचाळीस लाख सोडले?"

"तर मगदूम, तुम्हाला पाचशे कोटी म्हणजे बसचं तिकीट."

"सोडताना खडा काढून ठेवला तर?"

बाई हसल्या. "खडा फक्त दाखवतो हो. ओझं तुमचंच असतं."

बुधवारी वृषाली पाटल्या मोडायला गेली आणि तशीच परत आली. पाटल्यांचे आले असते तीन लाख. मावशीने विषय बदलला होता. बँकेने कर्जासाठी घरात चांगल्या पगाराचा दाखला मागितला होता आणि माझ्या पगाराचा दाखला पाहून तिथल्या साहेबांनी तिला पाणी विचारलं होतं. पाच वर्षं पगारवाढ नाकारल्याचं हे फळ. आर्जवी जेवली नाही. वृषाली जेवता जेवता म्हणाली, "उद्या मला जरा बाहेर जायचं हाय. डबा तुमचा तुम्ही भरून घ्या." मी बरं म्हणालो.

गुरुवारी कार्यालयात नसीमाच्या जागेसाठी परीक्षा होती. ज्येष्ठ भारसाक्षी म्हणून मी परीक्षक. अकरा उमेदवार झाले, कुणी दहा कोटींना हललं नाही. बारावं नाव पुकारलं आणि निळी इरकल नेसलेली, केस चापून बसवलेली माझी बायको आत आली.

"नमस्कार साहेब," ती शिंत्र्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, तितक्याच अदबीने, "नमस्कार."

"तू इथे काय करतेस?" मी पुटपुटलो.

"नोकरी लागली तर पगारावर कर्ज मिळतंय. कालच विचारून आले बँकेत. उद्या दुपारपर्यंत भरायचे हायत."

शिंत्र्यांना हे नवरा-बायको प्रकरण फारच आवडलं. "मगदूम, घरात खाण आहे म्हणायची!" ते म्हणाले. डॉ. समुद्र्यांनी तिच्या कानामागे खडा लावला आणि माप घ्यायला सुरुवात झाली. पडद्यावर तिच्याच घरचे आकडे एकेक करून येऊ लागले. भाजीचे एकशे ऐंशी. तिचे खांदे किंचित खाली आले. गॅस. ती टेबलाला टेकली. चपलेचे तीनशे चाळीस. ती वाकली.

शिंत्रे खुर्चीतून उठलेच. "तीनशे चाळीसला? बाई, आजवरचा विक्रम सात लाखांचा आहे!"

मला अभिमान वाटायला हवा होता. पण माझ्या कपाळावर घाम आला, कारण मापाची शेवटची पायरी कुठली असते हे मला माहीत होतं. नियमच आहे. शेवटी संगणक बँकेतून कुटुंबाची एकूण ठेव मागवतो, म्हणजे मापाचं वरचं टोक कळतं. मी पडद्याच्या बटणाकडे हात नेला. "अहो, मध्ये बंद करायचं नाही," असं म्हणून साहेबांनी माझा हात धरला.

आकडा आला. आमच्या संगणकाला गुळाचा सौदा माहीत नाही. त्याने सगळी शून्यं लिहिली आणि खाली अक्षरीही लिहिलं.

वृषाली जमिनीवर गेली. माझ्यासारखी धपकन नाही. आधी गुडघे, मग हात, मग कपाळ फरशीला लागलं. डॉ. समुद्रे खडा काढायला धावल्या तर तिने हात वर करून त्यांना थांबवलं.

"काढू नकासा. वाचायलेय मी अजून."

बाईंनी हात मागे घेतला.

"ह्यात माझी दाढ हाय," ती फरशीकडे बघत म्हणाली. "वाचवायला आठ हजार लागत होते, म्हणून उपटली. आर्जवीची सहावीतली सहल हाय. आई गेली तवा मी एसटीनं गेले, गाडी केली असती तर तोंड दिसलं असतं, ते हाय." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "एकसष्ट म्हणाला होता. एकसष्ट काय, ते सांगा की आता."

"तू विचारलं नाहीस," असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पंचवीस-तीस वर्षं मी असल्याच वाक्यांवर निभावलं होतं. पण ती तशी चारी पायांवर, माझ्या एकसष्टाखाली दबलेली, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की ते वाक्य मी गिळलं.

"लाख," मी म्हणालो. "एकसष्ट लाख."

"उद्या शुक्रवार हाय," ती म्हणाली.

मी पडद्यावर नॉर्वेच्या विद्यापीठाचं फीचं पान उघडलं. शिंत्रे साहेब ओरडले, "मगदूम, करार! दहा हजार! शुद्धीवर या!" मी खाती जोडली, रक्कम टाकली. माझा खडा कानामागेच होता.

गोष्टींमध्ये अशा वेळी माणसाला हलकं वाटतं. मला वाटलं नाही. बेचाळीस लाख बेचाळीस लाखांएवढेच जड होते. पहिल्या पगारापासूनच्या सगळ्या न खाल्लेल्या मिसळी, न केलेल्या रिक्षा, न घेतलेले शर्ट एकदम माझ्या पाठीवर उतरले आणि मी वृषालीच्या शेजारी पालथा पडलो. पडद्यावर 'अंगठा लावा' अशी चौकट उघडझाप करत होती आणि माझा हात तिथपर्यंत पोचत नव्हता.

"बाई, पडदा खाली घेता का जरा?" मी डॉ. समुद्र्यांना म्हणालो.

त्यांनी तो फरशीवर आणून ठेवला. मी अंगठा सरकवला. अर्धी वीत अंतर होतं, पण मला घामाने अंघोळ झाली. मध्येच थांबलो. खोटं कशाला सांगू, परत फिरावं असं वाटलं. शेजारी वृषालीचा श्वास ऐकू येत होता. ती मला ढकलत नव्हती, काही बोलतही नव्हती. मी अंगठा दाबला.

क्षणभराने पाठ मोकळी झाली. शिंत्रे साहेबांनी माझ्यासमोर नऊशे कोटींचा एक कागद धरला. मी वाचला. बरा होता. अक्षर चांगलं होतं.

"गेला," साहेब म्हणाले. "एवढा मोठा माणूस गेला."

मग ते वृषालीकडे वळले. ती टेबल धरून उभी राहिली होती, पदर सारखा करत होती. साहेबांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी खणातून कागद काढला. "वहिनी, तुमच्यासारखं माप जगात कुठे नाही. आजच सही करा. मगदूमांना होता त्याच्या तिप्पट पगार. फक्त एकच अट." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "हा पैसा वापरायचा नाही. एका वेळी दहा हजारांवर काही घ्यायचं नाही. काटकसरीने राहायचं, मन मारायचं, म्हणजे माप टिकतं. निवृत्तीनंतर सगळं तुमचंच."

वृषालीने कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मधेच तिला हसू आलं. डॉ. समुद्र्यांनाही आलं. मी अजून फरशीवरच बसलो होतो आणि मला मात्र हसू येत नव्हतं.

तिने कानामागचा खडा काढला, करारावर ठेवला आणि दोन्ही वस्तू शिंत्र्यांसमोर सरकवल्या.

"हीच नोकरी सत्तावीस वर्षं केली साहेब," ती म्हणाली. "बिनपगारी. आज सोडली."